हातातून भांडे निसटते तेव्हा

श्रावकाच्या घरातील बहुतेक आचार हातांवर अवलंबून असतात. सकाळी दुपदरी फडक्यातून पाणी गाळणे, जिवाणी जपणे, डाळ-तांदूळ निवडताना खडा आणि कीड वेगळी काढणे, चिमटीत अक्षता घेणे, १०८ मण्यांची माळ एक मणी न चुकवता ओढणे, या प्रत्येक कृतीत बोटांची शक्ती, स्पर्श आणि नेमकेपणा लागतो. मुनिमहाराजांचा आहार तर हाताच्याच पात्रात होतो. दात्याने दिलेला ग्रास ओंजळीत नेमका पडावा लागतो. कडेगावसारख्या गावात याशिवाय शेतीची आणि घरची कामे असतात. शाळूची भाकरी परातीत थापायची असते, धारा काढायच्या असतात, उसाला खत टाकायचे असते. मोहरममधील ज्या उंच ताबुतांसाठी हे गाव सर्वत्र ओळखले जाते, त्यांची बांबूची बांधणी हेही हातांचेच कौशल्य आहे.

अशा घरात तीस-बत्तीस वर्षांच्या सुनेच्या हातातून आठवड्यात दोन-तीन वेळा भांडे पडले, तर पहिला निवाडा लगेच होतो. ‘लक्ष कुठे असते?’ पुढे धान्यात खडे राहू लागतात, ब्लाउजची बटणे लावायला वेळ लागतो, मुलाच्या प्रगतिपुस्तकावरील सही वाकडी येते. कुणी आळस म्हणते, कुणी माहेरची ओढ म्हणते, कुणी मनावरचा ताण म्हणते. ती स्वतःही स्वतःलाच दोष देऊ लागते. अनेकदा कारण खरोखर साधे असते. तथापि काही वेळा दोष हाताचा किंवा स्वभावाचा नसून मेंदू आणि हात यांच्यामधील मार्गाचा असतो. त्या मार्गावर आघात करणाऱ्या आजारांपैकी एक म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस. संक्षेपाने त्याला एमएस म्हणतात. त्याची ओळख घराघरांत असणे आवश्यक आहे, कारण या आजारात वेळेवर झालेले निदान पुढील अनेक वर्षांचे बळ वाचवू शकते.

मेंदूपासून मज्जारज्जूपर्यंत जाणाऱ्या चेतातंतूंवर मायलिन नावाचे स्निग्ध आवरण असते. विजेच्या तारेवरील रबरी वेष्टनाप्रमाणे ते संदेश सुरक्षित आणि वेगाने पुढे नेते. एमएसमध्ये शरीराची स्वतःची रोगप्रतिकारशक्ती या आवरणालाच परके समजून त्यावर हल्ला करते. आवरण झिजते, कालांतराने आतील तंतूलाही इजा होते, आणि त्या जागी कठीण व्रण राहतात. ‘स्क्लेरोसिस’ म्हणजे कठीण होणे, आणि असे व्रण अनेक ठिकाणी होतात म्हणून ‘मल्टिपल’. फ्रेंच वैद्य झां-मार्तँ शार्को यांनी १८६८ मध्ये पॅरिस येथे या व्याधीचे स्वतंत्र वर्णन केले. बहुतेकांना ती २० ते ४० या वयात गाठते. स्त्रियांमध्ये तिचे प्रमाण पुरुषांच्या दुप्पट ते तिप्पट आढळते. ती संसर्गजन्य नाही. रुग्णाच्या ताटात जेवल्याने किंवा त्याचा हात धरल्याने ती कोणालाही होत नाही. बहुसंख्य रुग्णांमध्ये प्रारंभी ती लाटेसारखी येते. काही दिवस वा आठवडे त्रास होतो, मग तो पूर्ण किंवा अंशतः ओसरतो, आणि काही महिन्यांनी वा वर्षांनी पुन्हा उद्भवतो. या ओसरण्यामुळेच अनेकांची फसगत होते. ‘बरे वाटले’ म्हणून तपासणी राहून जाते.

हाताची कामे या आजारात एकाच प्रकारे बिघडत नाहीत. व्रण कोठे झाला आहे, त्यावर बिघाडाचे स्वरूप ठरते. मानेच्या भागातील मज्जारज्जूत व्रण झाला, तर बोटांना मुंग्या येतात, हातमोजा घातल्यासारखी बधिरता येते, गरम-गार कळेनासे होते. तव्याचा चटका वेळेवर न समजल्याने भाजण्याचा धोका यातूनच निर्माण होतो. मान खाली वाकवताच पाठीतून किंवा हातातून विजेचा झटका गेल्यासारखे वाटणे, हीदेखील याच भागाची खूण आहे.

दुसरा प्रकार अधिक चकवणारा आहे. हातात शक्ती असते, तरी डोळे मिटले की बोटे कोठे आहेत आणि किती मिटली आहेत हे मेंदूला कळत नाही. पिशवीत हात घालून न पाहता किल्ली काढता येत नाही. पदराच्या गाठीतील नाणे चाचपून ओळखता येत नाही. जर्मन चेतावैद्य हेर्मान ओपेनहाइम यांचे नाव या ‘निरुपयोगी हाता’च्या लक्षणाला दिले गेले आहे. असा हात पाहणाऱ्याला धडधाकट दिसतो, म्हणून त्याच्या मालकावर सोंगाचा आरोप सहज होतो.

तिसरा प्रकार अशक्तपणाचा आणि ताठरपणाचा. ओले फडके पिळता येत नाही, डब्याचे झाकण फिरत नाही, बोटे आपोआप मिटून ताठ होतात. चौथा प्रकार कंपाचा. लहान मेंदू किंवा त्याच्याशी जोडलेल्या मार्गांवर व्रण झाला, तर हात स्वस्थ असताना शांत राहतो. परंतु पेल्याकडे नेताच थरथरू लागतो, आणि पेला जवळ येईल तशी थरथर वाढते. पार्किन्सनचा कंप साधारणतः याच्या उलट, हात विसावलेला असताना अधिक दिसतो.

या सर्वांच्या जोडीला थकवा असतो. सकाळी नीट लिहिणारा हात दुपारी लिहू शकत नाही. उष्णतेने ही लक्षणे तात्पुरती वाढतात, हे निरीक्षण जर्मन नेत्रवैद्य विल्हेल्म ऊटहोफ यांनी १८९० मध्ये नोंदवले होते. चैत्र-वैशाखातील कडेगावचे ऊन आणि चुलीची धग यांची सांगड बसली, की सकाळी चांगली असलेली गृहिणी भाकऱ्या करता करता हतबल होते आणि संध्याकाळी गारव्यात पुन्हा सावरते. हा चढउतार आजाराचा आहे, मनाचा नव्हे. शरीर थंड झाल्यावर लक्षणे पूर्वपदावर येतात, म्हणून त्यांना घाबरण्याचेही कारण नाही.

हाताच्या या हानीचे सर्वांत परिचित उदाहरण पाश्चात्त्य संगीताच्या इतिहासात आढळते. १९४५ मध्ये जन्मलेली इंग्लंडची जॅकलिन दु प्रे ही चेलो या तंतुवाद्याची असामान्य वादक होती. विशीतच तिला जगभर कीर्ती मिळाली. पुढे तिच्या बोटांतील संवेदना क्षीण होऊ लागली. फेब्रुवारी १९७३ मध्ये लंडन येथे मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहता यांच्या संचालनाखाली तिने एल्गार यांची रचना वाजवली. त्याच महिन्यात न्यूयॉर्कमधील कार्यक्रमांच्या वेळी वाद्याची पेटी उघडणेही तिला जड गेले. गजाचे वजन उमगेना. तारांवर बोटे कोठे पडत आहेत हे स्पर्शाने कळेना, म्हणून ती डोळ्यांनी पाहून वाजवत राहिली. चारांपैकी शेवटचा कार्यक्रम तिला रद्द करावा लागला. ऑक्टोबर १९७३ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, एमएसचे निदान झाले. त्यानंतर वादन थांबले, तरी तिने काही वर्षे शिष्यांना शिकवले. १९८७ मध्ये तिचे निधन झाले. त्या काळी आजाराचा वेग रोखणारे औषध उपलब्ध नव्हते. असे पहिले औषध, इंटरफेरॉन बीटा, अमेरिकेत १९९३ मध्ये मान्य झाले. आज परिस्थिती बरीच बदलली आहे, आणि लवकर निदानाचे महत्त्व त्या बदलामुळेच वाढले आहे.

हा युरोप-अमेरिकेचा आजार, आपल्याकडे तो होत नाही, अशी समजूत दीर्घकाळ होती. १९९० मध्ये डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई व पुणे येथील पारशी समाजाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात लाखामागे सुमारे २६ इतके प्रमाण आढळले, जे त्या काळच्या भारतीय समजुतीपेक्षा पुष्कळ अधिक होते. एमआरआय तपासणी सर्वत्र पोहोचल्यानंतर इतर समाजांतही रुग्ण ओळखले जाऊ लागले. जगभरात सुमारे २८ लाख व्यक्तींना हा आजार असल्याचा अंदाज २०२० मध्ये मांडण्यात आला. आपल्या भागात तो विरळ आहे हे खरे. परंतु विरळ आजाराचा रुग्ण निदानाविना अधिक काळ भटकतो, हेही तितकेच खरे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. हाताला मुंग्या आल्या म्हणजे एमएस झाला, असे मुळीच नाही. मधुमेह, मनगटातील नस दबणे, मानेच्या मणक्यांची झीज, थायरॉइडचे विकार ही कारणे कितीतरी अधिक आढळतात. शाकाहारी समाजाने जीवनसत्त्व बी-१२ ची कमतरता विशेष लक्षात ठेवावी. दूधदुभते अल्प घेणाऱ्या किंवा दीर्घ उपवास करणाऱ्या व्यक्तींमध्ये ती आढळू शकते. तिच्यामुळेही हातपायांना मुंग्या येतात, तोल जातो आणि मज्जारज्जूला इजा होते. साध्या रक्ततपासणीने ती कळते आणि वेळेवर औषध मिळाल्यास बरीचशी भरून येते. म्हणून स्वतः निदान करू नये आणि निदान टाळूही नये.

बधिरता, अशक्तपणा किंवा कंप सलग २४ तासांहून अधिक टिकला, एका डोळ्याची दृष्टी दुखण्यासह अचानक मंदावली, किंवा असे प्रसंग काही महिन्यांच्या अंतराने पुन्हा घडले, तर चेतातज्ज्ञांना, म्हणजे न्यूरॉलॉजिस्टना, दाखवावे. चेहरा वाकडा होऊन एका बाजूचा हात अचानक लुळा पडला, तर मात्र तो पक्षाघात असू शकतो. तेथे क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे. कडेगावकरांना कराड आणि सांगली-मिरज जवळ आहेत. मिरजेची तर १८९४ मध्ये डॉ. विल्यम वानलेस यांनी रुग्णालय स्थापन केल्यापासून वैद्यकीय नगरी म्हणून ख्याती आहे. जाताना एका वहीत तारखेनिशी नोंद न्यावी: कोणता हात, कोणते काम अडले, किती दिवस अडले, उन्हाने वाढले का. जमाखर्चाच्या वहीइतकीच ही वही उपयोगी पडते. एमआरआय, आणि गरज भासल्यास पाठीतील पाण्याची तपासणी, यांवरून निदान निश्चित होते.

हाताची स्थिती मोजण्याची एक सुलभ चाचणीही आहे. फळीवरील नऊ भोकांत नऊ खुंट्या एकेक करून बसवायच्या, मग एकेक करून काढायच्या, आणि लागलेला वेळ मोजायचा. निरोगी प्रौढाला साधारण २० सेकंदांच्या आसपास वेळ लागतो. दोन्ही हातांची चाचणी स्वतंत्रपणे होते. पूर्वीपेक्षा २० टक्के अधिक वेळ लागू लागला, तर हाताचे कार्य खरोखर घटले असे तज्ज्ञ मानतात. रुग्णाच्या तक्रारीला यामुळे अंकांचा आधार मिळतो.

आजाराची तीव्र लाट आली असता स्टेरॉइड औषधे दिली जातात. पुढील लाटा कमी व्हाव्यात म्हणून दीर्घकाळ घेण्याची औषधे वेगळी असतात. ती महाग असू शकतात, त्यांवर नियमित देखरेख लागते, आणि बरे वाटले म्हणून ती परस्पर बंद करणे हानिकारक ठरते. औषधांच्या बरोबरीने फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी यांचे स्थान आहे. ऑक्युपेशनल थेरपिस्ट हाताचे स्नायू तर तपासतातच, शिवाय रोजचे कोणते काम कोणत्या पायरीवर अडते हे पाहून मार्ग सुचवतात.

घरातही खर्चावाचून पुष्कळ करता येते. चमचा, उलथणे आणि पेन यांच्या दांड्याला कापड किंवा स्पंज गुंडाळून ती जाड करावी. परातीखाली ओले फडके अंथरले की ती सरकत नाही. कंप असल्यास दोन्ही कोपरे टेबलावर टेकवून काम करावे. दोन कानांचा, थोडा वजनदार पेला काहींना सोयीचा पडतो. बटणांऐवजी वेल्क्रो लावावे. बधिर हाताने पाण्याचा कढतपणा पाहू नये, कोपराने किंवा चांगल्या हाताने पाहावा. धान्य निवडण्याचे काम सकाळच्या प्रकाशात, बसून, थोडे थोडे करावे. भाकरी थापणे जड जात असेल, तर लाटून करावी. माळ निसटत असेल, तर मोठ्या मण्यांची घ्यावी किंवा बोटांच्या पेरांवर मोजावे. जपाची संख्या हुकली, तरी त्यामागील भाव उणा होत नाही.

हाताचा प्रश्न स्वयंपाकघराबाहेरही पोहोचतो. बँकेतील नमुना सही वीस वर्षांपूर्वीची असते, आणि थरथरत्या हाताची आजची सही तिच्याशी जुळत नाही. धनादेश परत येतो, आणि स्वतःच्याच पैशांसाठी रुग्णाला ओशाळे व्हावे लागते. रिझर्व्ह बँकेने अशा आजारी व असमर्थ खातेदारांसाठी व्यवस्था घालून दिली आहे. सही करता येत नसेल, तर हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा घेता येतो. ठसाही शक्य नसेल, तर एखादी खूण चालते. बँकेला परिचित असे दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात आणि त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. त्यामुळे सही बदलू लागताच शाखेत जाऊन नवा नमुना द्यावा. खाते संयुक्त करून ‘दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहणारा’ अशी सूचना नोंदवावी आणि नामनिर्देशन तपासून घ्यावे. घरच्यांनी हुबेहूब सही करून काम भागवण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. हेतू चांगला असला, तरी कायद्याच्या दृष्टीने ती बनावट सहीच ठरते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यात मान्य झालेल्या २१ दिव्यांगत्वांमध्ये मल्टिपल स्क्लेरोसिसचा उल्लेख आहे. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झाल्यास अनेक सवलतींचा मार्ग खुला होतो. लिहिण्यास असमर्थ असलेल्या पात्र परीक्षार्थ्यास लेखनिक आणि तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ मिळू शकतो. महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींना हा आजार झाला, तर शिक्षण सोडण्यापूर्वी याची चौकशी करावी. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९८५ पासून रुग्ण आणि कुटुंबे यांना मार्गदर्शन करते. दरवर्षी ३० मे हा दिवस जागतिक एमएस दिन म्हणून पाळला जातो.

आपल्या समाजात असे दुखणे आले, की असातावेदनीय कर्माचा उदय म्हणून ते स्वीकारण्याची वृत्ती आहे. त्या श्रद्धेतून सहनशक्ती मिळत असेल, तर ती मोलाची आहे. मात्र तिचा अर्थ उपचार थांबवावेत असा होत नाही. चार दानांत आहार, ज्ञान आणि अभय यांच्या बरोबरीने औषधदान सांगितले आहे, ते उगाच नाही. षोडशकारण भावनांत तपाला ‘शक्तितः’, म्हणजे शक्तीनुसार, अशी मर्यादा आहे. दशलक्षण पर्वात निर्जल उपवासाचा आग्रह अशा रुग्णाला कोणी करू नये. रुग्णानेही वैद्यांना विचारल्याशिवाय औषध चुकवू नये.

त्याच भावनांत आणि सहा अभ्यंतर तपांत वैयावृत्त्याला स्थान आहे. मूळ अर्थाने ती साधूंची सेवा. घरातील आजारी माणसापर्यंत तिचा विस्तार करणे श्रावकाला अवघड नसावे. एमएसच्या रुग्णाच्या बाबतीत या सेवेचे स्वरूप थोडे वेगळे असते. भांडे पडताच ते हिसकावून घेणे आणि ‘तू बस, तुला जमणार नाही’ असे म्हणणे, यात माया असते. पण त्याने हाताचा उरलासुरला सरावही सुटतो आणि माणूस स्वतःच्याच घरात पाहुणा होऊन बसतो. त्यापेक्षा काम वाटून घ्यावे. सासूबाईंनी कणीक मळावी आणि सुनेने लाटावे. फडके दुसऱ्याने पिळावे आणि पाणी तिने गाळावे. जेवायला तिला अर्धा तास लागत असेल, तर सूर्यास्तापूर्वीचे जेवण अर्धा तास आधी वाढावे. मंदिरात कलश धरताना तिच्या हाताखाली कोणी आपला हात द्यावा.

पुढच्या वेळी घरात कोणाच्या हातातून पेला पडला, तर फुटलेल्या काचा आधी गोळा कराव्यात आणि मग शांतपणे विचारावे, ‘हाताला काही होते आहे का? कधीपासून?’ कित्येक रुग्णांच्या वाट्याला हा प्रश्न फार उशिरा येतो. तो घरातूनच आणि वेळेवर विचारला गेला, तर पुढची वाट बरीच सोपी होते.